पाचूबंदरला पाणी आणताना

पुण्याहून वसईला जायचं म्हटलं की घोडबंदरचा ट्रॅफिक आठवून माझा पाय निघत नाही. पण या वेळी बस्त्यावमामाचा फोन आला. "नातीचं लगीन हाय. पानी आनायच्या वक्ताला साइड ड्रम तू वाजवायचा." मामा म्हणजे आईचा भाऊ आणि माझा पहिला गुरू. वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातल्या त्याच्या ब्रास बँडमध्येच मी काठ्या धरायला शिकलो. पुढे कॉलेजात हेवी मेटलची बाधा झाली आणि वीसेक वर्षं त्या बाधेनेच मला पोसलं.

खरं तर नाही म्हणायला हवं होतं. उजवं कोपर कित्येक महिने ठणकत होतं. डॉक्टरांनी वेगाचं वाजवणं बंद करायला सांगितलं होतं. आमच्या मेटल बँडचा युरोपचा दौरा तोंडावर आलेला. आमचा गिटारवाला नीरज सोमवारपर्यंत उत्तर मागत होता, तू वाजवणार की दुसरा ड्रमर बघू? मी म्हटलं, लग्नात हात तपासून बघतो आणि सांगतो.

शनिवारी उजाडायच्या आत निघालो. तुम्हीही तेच करा, ठाणं लवकर ओलांडलं की अर्धी लढाई जिंकलीत. हायवे सोडून जूचंद्रवरून नायगावला उतरलं की हवा खारट लागायला लागते. पाचूबंदरच्या गल्ल्यांत गाडी घालू नका, आरसे मोडून घ्याल. किल्ल्याजवळ लावा आणि चालत या. मी पोचलो तेव्हा जेट्टीवर मासळीचा लिलाव रंगात आला होता. मामीने ओल्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. असं जेवण कुठल्या हॉटेलात मिळेल ते मला माहीत नाही. वसईत कोणाची ओळख निघत असेल तर खुशाल काढा.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीचं पाणी आणायची इथली रीत आहे. पुढे बँड, मागे डोक्यावर भरल्या कळश्या घेतलेल्या बायका. मामा बेस ड्रम गळ्यात अडकवून माझ्या शेजारी उभा राहिला. जाताना ठीक होतं. परतताना कॉर्नेट फुंकणाऱ्याने चाल धरली, पोरं नाचायला लागली आणि माझ्या अंगात दौऱ्यावरचा ड्रमर संचारला. हात सुटले. कोपरात कळ गेली तरी थांबलो नाही.

मागून मामी ओरडली, "ए बाबा! डोक्यावर पानी हाय आमच्या! बोटीचं इंजिन लावलंस काय?"

वळून बघितलं तर सगळ्यांची लुगडी भिजलेली आणि कळश्या अर्ध्या. सगळा बँड थांबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा मात्र हसत होता.

"परत भरू. विहीर कुठं पलाली?" मग मला म्हणाला, "आता त्यांच्या पायाकडं बघून वाजव."

दुसऱ्या खेपेला मी उलटा चालत वाजवलं, नजर बायकांच्या पावलांवर. हळू, अगदी हळू. कोपर गप्प होतं. इतक्या दिवसांनी न दुखता वाजवत होतो आणि त्याच क्षणी कळलं, हात आता एवढाच वेग सोसणार, दौरा माझ्या हातून होणार नाही. डोळे भरून आले. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाटली ती कृतज्ञता. कोळीवाड्यातल्या एका पोराला या दोन हातांनी किती गावं दाखवली! कळश्या काठोकाठ दारात आल्या.

रविवारी चर्चमधलं लग्न झालं, जेवणं झाली. निघताना मामाने विचारलं, "लग्नाच्या सीझनला बँडात मानूस कमी हाय. येशील?"

सोमवारी पुण्यातून नीरजला फोन केला. म्हटलं, दुसरा ड्रमर घे, सगळी गाणी मी बसवून देतो.

"आणि मग तू काय करणार? सोबत तरी चल."

"मला जमणार नाही रे," मी म्हटलं, "वसईत लग्नं घेतलीयत."