मामीजींची ढोली

माझी सासू बचतीने मेली.

डॉक्टरांनी कागदावर आतडं लिहिलं. ते त्यांचं काम. मी बचत लिहीन.

आज वर्ष झालं. सकाळपासून नातेवाइकांचे स्टेटस सुरू आहेत. "किती काटकसरी बाई." "आजकालच्या सुनांनी शिकावं."

त्या आजकालच्या सुनांपैकी मी धाकटी. शिकले. म्हणूनच लिहितेय.

आम्ही सुना त्यांना मामीजी म्हणायचो. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर आमची शेती. त्यामुळे घरात बँक म्हणजे धान, आणि लॉकर म्हणजे ढोली. माणसाच्या उंचीची, बांबूची, शेणमातीने लिंपलेली कणगी.

गावातले लोक दरवर्षी जुनं धान काढतात, खातात नाहीतर विकतात, आणि मग नवं भरतात.

मामीजी फक्त भरायच्या.

जुन्यावरच नवं ओतायचं, तोंड शेणमातीने बुजवायचं आणि ओल्या लेपावर स्वतःचा पंजा उठवायचा. त्या पंजाला तडा दिसला की घरभर उलटतपासणी. त्यापेक्षा ओटीपी परवडला.

याला कारण होतं. तेही सांगते, नाहीतर म्हणाल सून एकाच बाजूने बोलते.

सासरे हौशी माणूस. एका वर्षी त्यांनी ढोली रिकामी करून मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, आलेल्या पाहुण्यांना जेवणं घातली, नाटक दाखवलं. पुढच्याच पावसाळ्यात मधल्या लेकीला ताप चढला. दवाखान्यात न्यायला घरात विकण्याजोगं काही नव्हतं.

ती गेली.

मामीजींनी सासऱ्यांना कधी माफ केलं नाही. ते वारले तेव्हा आधी ढोलीवरचा पंजा तपासला, मग रडल्या.

लेकीनंतर ढोली फक्त अचानक आलेल्या संकटासाठी. विचार चांगलाच होता. पंचाईत एवढीच की मामीजींना अचानक असं काही दिसायचंच नाही.

विहिरीवरची मोटार जळली. मोटार जळतेच, म्हणाल्या.

छप्पर गळायला लागलं. पाऊस दरवर्षी येतो, म्हणाल्या.

माझ्या मुलीचा हात मोडला तेव्हा मी त्यांच्यापुढे उभी राहून मागितलं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"लेकरू हाय. पडनच. यात अचानक काय हाय?"

त्या वेळी माझ्या बांगड्या गेल्या. मी ते विसरले नाही, आणि आज पुण्यतिथी आहे म्हणून विसरणारही नाही.

एकदा माझ्या नवऱ्याने भीतभीत सांगून पाहिलं की माय, खालचं धान जुनं होऊन राहिलं, बदलून घे.

"एकडाव उघडली का हात थांबत नाही कोनाचा."

विषय संपला. या घरात दोन धिप्पाड मुलगे आहेत, पण आईसमोर दोघांची मिळून एक जीभ.

मग गेल्या वर्षी त्यांच्या पोटात दुखायला लागलं. पोट फुगलं, उलट्या थांबेनात. गावातले डॉक्टर म्हणाले, आतडं अडकलंय, आजच गोंदियाला न्या, ऑपरेशन लागेल.

नवरा शेजाऱ्याकडे उसने मागायला निघाला. मामीजींनी खाटेवरून त्याला थांबवलं.

"घरी ढोली भरून हाय, अन् तू लोकांपुढं हात कायले पसरून राहिला? व्यापाऱ्याले बोलाव. धान विकल्याबिगर मी गाडीत बसत नाही."

पहिल्यांदाच त्यांना काहीतरी अचानक वाटलं. स्वतःचं होतं ना.

गाडी दारात उभी होती. उचलून आत टाकता आलं असतं. मी म्हटलंही. माझे भासरे, म्हणजे मोठे दीर, म्हणाले की मायचा शब्द मोडवत नाही.

शब्दाचं सोडा. उसने घेतले की फेडावे लागतात, आणि ढोली फुकट होती. दोघा भावांच्या तोंडावर मला ते स्वच्छ दिसत होतं. हे वाचून घरी भांडण होईल. होऊ दे.

व्यापारी दुपारी येतो म्हणाला आणि दिवेलागणीला आला. तोवर मामीजींचे हातपाय गार पडले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. आपल्या घरचा पैसा येणार होता.

भासऱ्यांनी पंजावर कुदळ घातली.

धानाआधी किडीची पाखरं बाहेर आली. वरचा एक थर तेवढा धानाचा. खाली किडीने पोखरलेलं नुसतं तूस, आणि तळाशी कुजून काळा पडलेला गोळा. व्यापाऱ्याने मूठ घेतली, फुंकर मारली. मूठ रिकामी झाली.

"भैया, ये तो भूसा है," तो हळूच म्हणाला आणि हात झटकत बाहेर गेला.

आतून मामीजींचा आवाज आला. मी जाऊन त्यांचं डोकं धरलं. भाव काय दिला, विचारत होत्या.

भासरे दारात आले. "चांगला देला, माय."

"मंग सारा नोको विकू," त्या म्हणाल्या. "अर्धा ठेव. घरात काही अचानक आलं तं?"

शेवटी शेजाऱ्याकडूनच घेतले. त्याने एक शब्द न विचारता दिले. सकाळीही दिले असते.

गोंदिया यायच्या आत मामीजी माझ्या मांडीवर गेल्या. ढोली नसती तर त्या आज जिवंत असत्या, आणि मी आजही त्यांच्या शिव्या खात असते. चाललं असतं मला.

ढोलीतलं ते सगळं म्हशीपुढे टाकलं. तिनेही तोंड लावलं नाही.

तेरवीला सगळे म्हणाले, बाई भरल्या घरातून गेली. दोन्ही मुलांनी माना हलवल्या.

मामीजी, भावपूर्ण वगैरे मला जमत नाही. राग आहे, आणि रागाखाली रडू आहे, त्यातून जी निघेल ती श्रद्धांजली घ्या.

तुमची मुलं तुमच्याशी खोटं बोलली. मीही तेव्हा तुमचं डोकं धरून गप्प बसले होते, कारण तुम्ही हसत होता.

भाव मिळाला नव्हता, मामीजी. ढोलीत काहीच नव्हतं.

आता जा.