कोकिळाबाईची धडधाकट पाठ

नांदुऱ्याच्या बाजारात घरच्या वावरातल्या मेथी-सांभाराच्या जुड्या विकणारी कोकिळाबाई ठणठणीत असताना दवाखान्यात गेली, आणि त्यापायी पोरीचं जमत आलेलं लग्न मोडायची पाळी आली. निरोगी माणसाने दवाखान्याची पायरी चढावी, हेच गावाच्या पचनी पडलं नाही, त्याला कोण काय करणार!

झालं होतं असं. तिची जाऊ छाया हिच्या मणक्याचं ऑपरेशन शेगावात झालं. पुढच्या तपासणीला सोबत कोकिळाच गेली. तिथल्या पुष्पांजली डॉक्टर मणक्याच्या हालचालीवर संशोधन करत होत्या. ऑपरेशननंतर माणूस किती वाकतो, किती वळतो, वर्षभराने काय फरक पडतो, हे सगळं त्या मोजत. बोलता बोलता म्हणाल्या, "छायाताई आता बऱ्या वाकतात. पण हे पुरेसं आहे का, ते कशाशी ताडून पाहू? पुस्तकातले आकडे परदेशातल्या पाठींचे. आपल्याकडच्या निंदणाऱ्या, टोपली उचलणाऱ्या बाईची चांगली पाठ मला मोजायचीय. आणि चांगल्या पाठीचं माणूस इथं फिरकतच नाही."

"मंग माही घ्या ना मोजून," कोकिळा म्हणाली. "माह्या पाठीले काई झालं नाई. छायाच्या कामी येत असन तं घ्या."

ना नवऱ्याला विचारलं, ना पंचांग पाहिलं! डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. नको वाटलं तर केव्हाही सोडता येईल, पण राहिलात तर वर्षाने पुन्हा यावं लागेल, म्हणाल्या. "येईन," कोकिळा म्हणाली. आणि कोकिळाचं "येईन" म्हणजे येईनच. गिऱ्हाइकाला मेथी आणते म्हटलं तर अंगात ताप घेऊन आणणारी बाई ती.

मोजमापाच्या खुणेसाठी पाठीवर टिकल्या चिकटवल्या, त्याही तिने मुकाट लावून घेतल्या. अडली फक्त एका ठिकाणी. एक्सरेचा फोटो काढण्याआधी नर्सने गळ्यातलं काढायला सांगितलं आणि ट्रे पुढे केला. कोकिळाने मंगळसूत्राची पोत मुठीत आवळली. "थाळीत नाई ठेवत बाई मी. घरच्या मानसाच्याच हाती देईन." शेवटी बाहेर काठी टेकून बसलेल्या छायाला आत आणलं, तेव्हा कुठे फोटो निघाला.

शेजारच्या सोजराबाईंनी हे ऐकलं मात्र, त्यांच्या तोंडाला उसंत राहिली नाही. "दुखत नाई तं फोटो काऊन काढला? पाठीवर टिकल्या काऊन चिकटवल्या? बाप्पा, काईतरी मोठं हाय, लपवून राह्यली थे!" छायाचं ऑपरेशन, कोकिळाचा फोटो, म्हणजे घराण्यातच मणक्याचा रोग. अहो, जावा काय एका रक्ताच्या असतात? पण ते कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

वर्षभरात हे बोलणं पार मेहकरपर्यंत पोचलं. तिथल्या माणिकरावांच्या मुलाशी कोकिळाच्या प्रतीक्षाचं जमत आलं होतं. पोरगी मनातून हरखली होती. बघण्याच्या दिवशी मुलाची आई अन्नपूर्णाबाई मात्र खुर्चीवरून हलली नव्हती. सगळ्या बायका सतरंजीवर, ही एकटी वर. हळदी-कुंकवालाही खाली बसली नाही. "लय तोरा हाय," असा निकाल सोजराबाईंनी तेव्हाच दिला होता. आता त्याच घरून निरोप आला, गुरुवारी शेगावला दर्शनाला येतो, तिथंच काय ते स्पष्ट बोलू.

आणि गुरुवारीच कोकिळाची वर्षाची तपासणी!

नवरा ज्ञानेश्वर काकुळतीला आला. "अवो, तुले दुखत नाई, खुपत नाई. नको ना जाऊ. पोरीचं चांगलं होऊन राह्यलं, त्यात माती काऊन कालवतं?"

प्रतीक्षाचे डोळे भरून आले. कोकिळाने ते पदराने पुसले. एकदा "येत नाही" म्हटलं की सुटका, हे काय तिला कळत नव्हतं? पण छायासारख्या बायकांसाठी शब्द दिला होता. "आज लपली तं रोग हायच असं व्हईन," ती म्हणाली. "मी जाईन. अन् त्याईले बी घेऊन जाईन."

छाती पाहा बाईची!

गुरुवारी मंदिराबाहेर दोघा नवरा-बायकोची त्यांच्याशी गाठ पडली. अन्नपूर्णाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. माणिकराव कोरड्या आवाजात म्हणाले, "कानावर आलं ते खरं हाय काय?"

"मी आताच दवाखान्यात जाऊन राह्यली," कोकिळा म्हणाली. "मले नका इचारू, डॉक्टरीनबाईलेच इचारा."

"चाला," अन्नपूर्णाबाईच पटकन म्हणाल्या. माणिकरावांनाही नवल वाटलं.

पुरुष बाहेर बाकावर बसले, बाया आत गेल्या. पुष्पांजली डॉक्टर म्हणाल्या, "एकाची तब्येत मी दुसऱ्याला सांगत नाही."

"माही परवानगी हाय. सांगून टाका."

डॉक्टर हसल्या. "यांना काहीही झालेलं नाही. म्हणून तर बोलावते! दुखऱ्या पाठी माझ्याकडे रोज येतात. चांगली पाठ घेऊन आलेल्या या एकट्याच."

पाठीवर टिकल्या लागल्या. कोकिळा वाकली, गुडघे ताठ, दोन्ही तळहात फरशीला. वर आली, मागे झुकली, दोन्हीकडे वळली. आयुष्य निंदण्यात गेलेलं, तिला काय त्याचं!

मागून हुंदका ऐकू आला. अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. "मले असं वाकून लय वर्सं झाले वो. खाली बसलं तं उठताच येत नाई. पाय बधिर पडते. घरात कोनाले सांगतलं नाई. पोराचं लगन व्हयाचं हाय, लोक म्हनतीन मायले मनक्याचा रोग हाय."

"अवो माय, मंग खुर्ची थ्याच्यापायी व्हती!" कोकिळाने त्यांना जवळ घेतलं. "अन् आमी तोरा म्हनलं!" तिला स्वतःचीच लाज वाटली. दोघी रडता रडता हसू लागल्या.

डॉक्टरांनी अन्नपूर्णाबाईंना तपासलं. ऑपरेशनच लागेल असं काही नाही, आधी फोटो पाहू, म्हणाल्या. नर्सने ट्रे पुढे केला, "गळ्यातलं काढून ठेवा."

अन्नपूर्णाबाईंनी पोत काढली. ट्रेकडे पाहिलंसुद्धा नाही. कोकिळाचा हात ओढून तिच्या तळव्यावर ठेवली.

"इहीनबाई, एवढी सांभाळा," त्या म्हणाल्या. "अन् बाहीर मानसं वाट पाहून राह्यले. त्याईले सांगा, तारीख काढा म्हना."