आवाजावरून वेल्डिंग

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर होतं. हे वीज केंद्रात मेन्टेनन्सला होते. नोकरीत दिवसभर लोखंडाशीच झटापट, तरी सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं वेल्डिंग मशीन लावून बसायचे. कुलरचा स्टँड, कुंड्यांची घडवंची, मुलीच्या सायकलचं कॅरियर, असलं काही ना काही चालू असायचं. मी चहा नेऊन ठेवायची आणि ठिणग्यांकडे पाठ करून परत यायची. तिथे माझं काही काम आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, निवृत्तीला थोडा अवकाश असताना, ह्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द जुळत नाहीत. ह्यांच्याकडे एकच शब्द उरला, 'बरं'. जेवता का, बरं. दुखतंय का, बरं. मुलगी इंदूरला दिलेली. तिचा फोन आला की रिसीव्हर ह्यांच्या कानाला लावायचा, ती पलीकडून बोलायची आणि हे बरं, बरं म्हणत राहायचे. थोड्या वेळाने ती फोन ठेवायची.

सुरुवातीला भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. मग हळूहळू कमी झाली. उत्तर न देणाऱ्या माणसासमोर किती वेळ बसणार? मी मात्र रोज बोलायची. भाजी काय आणली, शेजारी कोण आलं, गच्चीवरच्या कपड्यांवर आज वीज केंद्राची किती राख पडली. बोलता बोलता माझाच आवाज मला परका वाटायला लागला. मग मीही बोलणं कमी केलं.

एकदा गल्लीतले एक गृहस्थ मशीन विकत मागायला आले. "वहिनी, पडून पडून गंजून जाईल. मला द्या, वापरात राहील."

मी ह्यांना विचारलं, "देऊन टाकायचं का?"

"बरं," हे म्हणाले. पण डाव्या हाताने खुर्चीची दांडी अशी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. मी त्या गृहस्थांना म्हटलं, "राहू द्या, आत्ता नको."

ह्यांना न्हाणीघरात धरायला भिंतीला दांडी हवी होती. बाजारातला वेल्डर उद्या येतो, परवा येतो म्हणत आलाच नाही. दरम्यान हे एकदा न्हाणीत घसरले. लागलं फारसं नाही, पण ओल्या फरशीवरून त्यांना उठवताना माझी ताकद संपली आणि मी तिथेच त्यांच्या शेजारी बसून रडले. दुसऱ्या दिवशी मी शेडचं कुलूप काढलं.

मशीन कसं लावायचं एवढं बघून बघून माहीत होतं. काळी काच तोंडासमोर धरली, वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवला आणि तो चिकटूनच बसला. ओढून काढला, पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला. घरातून काठी आपटल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर हे उठायची धडपड करत होते. काठीने खुणा करून त्यांनी मला खुर्ची शेडमध्ये न्यायला लावली. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. मला वाटलं, आता ह्यांना काय दिसणार? पण हे डोळे मिटून ऐकत होते.

शेजारी रिकामा डबा होता. रॉड लोखंडापासून फार लांब गेला की ते काठीने त्याच्यावर भराभर ठोकायचे. मी घाई केली की काठी डब्यावरून सावकाश ओढायचे. मग केव्हातरी कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा आवाज यायला लागला आणि काठी थांबली. इतक्या महिन्यांत ह्यांचं म्हणणं मला पहिल्यांदाच नेमकं कळलं होतं.

त्या रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग झाली. काच बाजूला करायची घाई मला नडली होती. मी बटाट्याच्या चकत्या पापण्यांवर ठेवून पडले होते. हे डाव्या हाताने माझ्या कपाळावरून हात फिरवत राहिले.

दांडी झाली. जोड ओबडधोबड होता, पण मला कौतुक होतं. ह्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि काठीने डब्यावर भराभर ठोकलं. म्हणजे नाही. मला राग आला. "धरायला पुरे आहे की," मी म्हणाले. ह्यांनी पुन्हा ठोकलं. शेवटी घासून काढून पुन्हा केला. भिंतीत बसवल्यावर ह्यांनी सगळा भार टाकून ओढून पाहिली आणि मगच आंघोळीला बसले.

पुढची काही वर्षं आमचं दोघांचं खरं बोलणं शेडमध्येच झालं. ह्यांच्यासाठी धरून चालायचा घोडा केला, पलंगाला कठडा केला, मग गल्लीतल्या कुणाची मोडकी शिडी, कुणाचं फाटक. पावसाळ्यात दमट झालेले रॉड मी तव्यावर तापवून घ्यायची. लोडशेडिंग सुरू झाल्यावर पंचाईत झाली. गच्चीवरून वीज केंद्राचा धूर दिसायचा आणि घरात दिवा नसायचा. वीज नसली की शेड बंद, आणि आम्ही समोरासमोर नुसते बसलेले. संध्याकाळी जेवायला वाढताना मी विचारायची, "मीठ बरोबर आहे?" आणि पुन्हा तेच, बरं.

दोन हजारनंतरच्या एका हिवाळ्यात दुपारी झोपेतच ह्यांना दुसरा झटका आला. उठले नाहीत. लोक आले, मुलगी-जावई आले, दिवस झाले. "आई, आता इंदूरला चल," मुलगी म्हणाली. मी गेले, थोडे दिवस राहिले आणि परत आले. तिथे सगळे माझ्याशी बोलत होते, तरी मला घरी यायचं होतं.

बऱ्याच दिवसांनी शेजारीण मोडकी खाट घेऊन आली. "काकू, पाय निखळलाय, जमेल का?" मी शेड उघडलं. आवाज बरोबर येतोय असं मला वाटत होतं, पण नक्की सांगणारं कोणी नव्हतं. काच बाजूला ठेवली, जोडावरची खपली ठोकून काढली. जोड चांगला होता की नुसता चांगला दिसत होता, ते मला ठरवता येईना. मी तो घासून काढला आणि पुन्हा केला. दुसऱ्यांदाही कळलं नाही. शेजारीण खाट घेऊन गेली, पुढे काही तक्रार आली नाही.

अजून अधूनमधून कामं येतात. संध्याकाळी मुलीचा फोन येतो. "आज काय केलंस?" ती विचारते. मी सांगते, एका दाराची बिजागरी जोडली. "एकटी असताना त्या आगीशी जपून गं," ती म्हणते. मी हो म्हणते. मग तिला मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो. फोन ठेवल्यावर लक्षात येतं की दिवसभरात मी बोलले ते तेवढंच.