लिफ्टखालची जागा

“दिल्या, बाजूला हो! अरे मेल्या, बाजूला हो म्हणतोय ना!” मी ओरडत होतो. माझा आवाज लहानपणापासूनच असा, की बुधवार पेठेत हाक मारली तर मंडईतली मांजरं उठून बसायची. त्या दुपारी तर मी तो सगळाच्या सगळा लावला होता. धायरीतल्या त्याच्या रो-हाउसचं गॅरेज, माझ्या हातात वायरीला लोंबकळणारी बटणांची डबी, समोर भिंतीलगत कुरकुरत वर चाललेली प्लायवूडची फळी, फळीवर गणपतीचं मखर, गौरींचे दोन लोखंडी स्टँड आणि शोभावहिनींच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ... आणि या सगळ्याच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ लावून, हात मागे घेऊन, स्वारगेटच्या बसची वाट बघावी तसा दिलीप उभा. ते घंगाळ एवढं, की त्यात अख्खं कुटुंब न्हाऊन उरलेल्या पाण्यात म्हैस धुता यावी. ते त्याच्या टकलाच्या नेमकं वर डुगडुगत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनी म्हणाल्या, “भावजी, हळू. दुपारचे लोक झोपलेत.” मी म्हटलं, “वहिनी, हा मरेल हो.” त्या म्हणाल्या, “मग बटणाकडे बघा. त्यांच्याकडे काय बघताय?”

फळी वर पोचली, खट् वाजलं, मोटर थांबली. दिलीपनं तळवे पँटीला पुसले, रिकाम्या हातांनी शिडी चढून सामान माळ्यावर ओढून घेतलं आणि खाली येऊन हात धुवायला गेला. तळव्यांना त्याच्या नेहमी काहीतरी हिरवट लागलेलं असायचं. यंत्राचंच काही असणार, मी कधी विचारलं नाही. “चहा घेशील ना,” तो म्हणाला, “ओरडून घसा बसला असेल.” ही आमची शेवटची भेट. तेव्हाचा तो ‘मेल्या’ आता लिहिताना हाताखाली अडतो आहे... पण म्हटलं होतं, तर लिहायला हवं.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत सकाळी वहिनींचा फोन आला. “भावजी, हे गेले.” आणि माझ्या तोंडून पहिला शब्द कुठला निघावा? “लिफ्टची तार तुटली?” त्या म्हणाल्या, “नाही. काल जेवताना. मी दुसरी पोळी घेऊन आले, तेवढ्यात.” तुम्ही हसाल, पण हा फोन माझ्या डोक्यात चार वर्षं रोज वाजत होता. धायरीचा नंबर दिसला की मी आधी खुर्ची शोधून बसायचो आणि मगच फोन उचलायचो. पोलिसांना काय सांगायचं, डबी माझ्या हातात कशी आली, मी आधी किती वेळा ओरडलो होतो आणि साक्षीला शेजारचे कोण कोण, सगळी जबानी माझी तोंडपाठ होती. फोन आला तो खरा, कारण मात्र भलतंच निघालं. चार वर्षांची भीती हातात घेऊन मी तसाच पलंगावर बसून राहिलो. ती आता ठेवायची कुठे, ते कळेना.

दिलीप विमा कंपनीत होता. अपघाती मृत्यूचे दावे तपासायचा. त्याच्या टेबलावर येणारी प्रत्येक फाइल म्हणजे एक गेलेला माणूस, आणि निवृत्त होईपर्यंत त्याच्याकडे अख्खं एक गाव जमलं होतं. गीझरनं गेलेले, पतंगाच्या मांजानं गेलेले, कुंडी डोक्यात पडून गेलेले. एक गृहस्थ तर म्हणे जिलबी घशात अडकून गेले होते, आणि हे तो माझ्या मुलीच्या लग्नात, विहीणबाई जिलबी वाढत असताना, अगदी हवामान सांगावं अशा आवाजात सांगत होता. हॉलमध्ये पंख्याखालची खुर्ची तो कधी घ्यायचा नाही. रस्ता ओलांडताना माझा दंड घट्ट धरायचा. वर्षानुवर्षं मला वाटायचं, मित्र आपल्याला जपतो. मग एकदा लक्षात आलं की गाड्या ज्या बाजूनं येतात त्या बाजूला तो नेहमी मला ठेवतो. विचारलं तर म्हणाला, “तू जाड आहेस, सुध्या. वेग कमी होतो.” असा हा माणूस. आणि असा माणूस स्वतः बनवलेल्या लिफ्टखाली जाऊन उभा राहतो, हे कोडं मला त्याच्या हयातीत सुटलं नाही.

त्याचं मूळ आमच्या मंडळात आहे, एवढं मला ठाऊक होतं. बुधवार पेठेत आम्ही एकाच इमारतीत वाढलो, आणि गल्लीतल्या गणपतीपुढची कमान आम्ही पोरंच उभी करायचो. बांबूंचा सांगाडा जमिनीवर बांधायचा, दोर लावायचे आणि दोन्हीकडून ओढून तो उभा करायचा. सजावटीचे प्रमुख म्हणजे तात्या. माणूस हाडकुळा, पण नजर अशी की त्यांनी बघितलं तर माळेतला दिवा आपोआप पेटायचा. तात्यांचा एक कायदा होता. ज्यानं गाठी मारल्या त्यानं कमान वर जाताना खाली उभं राहायचं. त्यामुळे गाठी मारायला फार पोरं पुढे येत नसत. कॉलेजच्या पहिल्या वर्षी दिलीप पुढे आला. मी अर्थातच दोरावर. कमान निम्मी उठली आणि अशी काही झुलली, की पलीकडच्या दुकानातले रेडिओ एकदम गप्प झाले. बायका किंचाळल्या. बायका म्हणजे खरं तर मी एकटाच किंचाळलो होतो, पण आवाज बऱ्याच बायकांचा आला असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. दिलीप हलला नाही. हात पाठीमागे... कमान उभी राहिली तेव्हाही तसाच. त्या दिवशी आमच्या दोघांच्या जागा ठरल्या, त्या पुढे बदलल्या नाहीत. तो खाली, मी दोरावर.

लिफ्टचं निमित्त ती शिडी. गॅरेजच्या माळ्यावर त्या दोघांनी इतकं सामान कोंबलं होतं, की नीट शोधलं असतं तर शनिवारवाड्याची एखादी खिडकी निघाली असती. निवृत्त झाल्यावर पहिल्याच गणपतीत दिलीप मखर कवेत घेऊन शिडीवरून उतरत होता आणि शेवटच्या दोन पायऱ्या त्याला सापडल्याच नाहीत. मखर वाचलं, कंबर गेली. महिनाभर आडवा पडून तो छताकडे बघत होता, आणि उठला तो थेट जुन्या बाजारात गेला. तिथून त्यानं एका बंद पडलेल्या दुकानाच्या शटरची मोटर आणली. बुधवार पेठेतून बटणं आणली, आणि फळी वर पोचली की मोटर आपोआप बंद करणारा खटका आणला. सिंहगड रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचे दोन रूळ करून घेतले, ते भिंतीत ठोकले, वर दोन कप्प्या, त्यांवरून तारेचा दोर आणि दोराला फळी. वेल्डिंगवाल्यानं विचारलं, “काका, इंजिनियर का?” दिलीप म्हणाला, “नाही. क्लेम्स डिपार्टमेंट.” तो बिचारा पैसे न मोजताच निघून गेला.

पहिल्या चाचणीला खटक्यानं खटकायचं नाकारलं. फळी वरच्या स्लॅबला अशी धडकली, की सिंहगडावर दही विकणाऱ्या बाईनं मडकं धरलं असेल. मला वाटलं, सुटलो, आता हा नाद सोडेल. त्यानं खटका बदलला. मग फळीवर तांदळाचं पोतं ठेवलं, डबी माझ्या हातात दिली, आणि फळी डोक्याच्या वर जाताच गेला की खाली. मी म्हटलं, “अरे, हे मंडळ नाही. तात्या वारले. तुला कोण विचारणारे?” तो म्हणाला, “खाली उभं राहायचं नसेल तर गाठ मारताना हात ढिला पडतो. दाब बटण.” मी दाबलं. माझं बोट त्या बटणावर होतं आणि घाम तळपायाला आला होता. पुढे ही लिफ्ट गल्लीची झाली. कुणाचा पाळणा, कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या मुलाची परदेशी जाताना मागे राहिलेली सायकल... आठवड्यातून दोनदा तरी काहीतरी वर जायचं किंवा खाली यायचं, आणि दर वेळी हा त्याच जागी. मी धायरीला गेलो की डबी माझ्याकडे, एरवी वहिनींकडे. वहिनी एका हातानं बटण दाबत आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर भाजीवाल्याशी भांडत. मी मात्र आदल्या रात्रीपासून जेवत नसे. म्हणजे कमी जेवत असे.

आणि मग तो शेजाऱ्यांचा कूलर. लोखंडी, जुन्या पद्धतीचा, वजनाला हत्तीचं पिल्लू. निम्म्यावर गेला असेल, एवढ्यात वर काहीतरी ठण्णकन वाजलं आणि फळी एका बाजूनं वीतभर खाली आली. आली आणि तिरकी होऊन थांबली. कूलर एका कडेला घसरला. मोटर थांबली होती, कारण माझं बोट सुटलं होतं. गॅरेजमध्ये इतकं शांत झालं की तार ताणल्याचा बारीक आवाज ऐकू येत होता... ती कणाकणानं आवळली जात होती की सुटत होती, कोण सांगणार? दिलीप वर बघत होता. जागचा हलला नाही. हलला असता तर कूलर कुठल्या बाजूनं येईल याचा भरवसा नव्हता. ओठ न हलवता म्हणाला, “सुध्या, फळी खाली घेऊ नकोस. वर घे.” मला काही दिसेना. “कुठलं बटण?” “वरचं.” “वरचं कुठलं?” “वर असतं ते.” मी वरचं दाबलं. फळी तशीच तिरकी, रडत-कुढत वर गेली. खट् वाजलं. तो बाहेर आला आणि हात धुवायला गेला. मी गॅरेजच्या उंबऱ्यावर बसलो, आणि मला उठवायला खरं तर दुसरी लिफ्ट लागली असती. दोर धरणारा क्लॅम्प सैल झाला होता, एवढंच. संध्याकाळी त्यानं तो बदलला, कूलर खाली आणला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर चढवला. खाली पुन्हा तोच. बटण मी दाबलं नाही, वहिनींनी दाबलं.

त्याच्या जाण्यानंतर घरात माणसांची रीघ होती. माळ्यावरच्या गाद्या, सतरंज्या, मोठी पातेली गल्लीतल्या मुलांनी शिडीवरून हातोहात उतरवली. तेरावा झाला, माणसं पांगली आणि गॅरेजमध्ये गाद्यांचा ढीग राहिला. मी गेलो होतो ते वहिनींना एकच सांगायला, की हे यंत्र काढून टाकू. मी भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. फळी जमिनीवर टेकलेली, तार वर कप्प्यांपर्यंत ताठ गेलेली... त्या गॅरेजमध्ये एकटं उभं राहणं मला सोसत नव्हतं. वहिनींनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग फळीवर गाद्या रचल्या, वर पातेली ठेवली, डबी हातात घेतली आणि म्हणाल्या, “खाली कोण?”

मी म्हटलं, कुणीच नको, त्याची काय गरज. मग म्हटलं, मुलांना बोलावतो, शिडीवरून नेतील. मग म्हटलं, माझा गुडघा. वहिनींनी बटण दाबलं, फळी उचलली गेली आणि डोक्याच्या जरा वर त्यांनी ती थांबवली. माझ्याकडे बघितलंही नाही. त्या फळीखालच्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या. तिथे फरशीवर दोन पावलांएवढा भाग जरा गुळगुळीत दिसत होता. चार वर्षं मी दारातून त्याला ‘बाजूला हो’ म्हणत आलो होतो. आता तो खरंच बाजूला झाला होता आणि ती जागा रिकामी होती. मी गेलो. कसा गेलो ते विचारू नका. पाय माझे नव्हते, कुणाचे तरी उसने होते.

खालून जग वेगळंच दिसतं. डोक्यावर प्लायवूडचं काळं पोट, त्याला आडव्या दोन पट्ट्या, आणि मोटर सुरू झाली की ते सगळं थरथरतं. दारातून ही थरथर कधी दिसली नव्हती. पातेली एकमेकांवर वाजत होती. त्या अर्ध्या मिनिटात मी मनातल्या मनात माझा स्वतःचा स्मृतिलेख लिहून काढला, आणि तो या लेखापेक्षा बरा जमला होता. मग तार कर्रर्र वाजली आणि मी काहीतरी धरायला म्हणून हात मागे नेले. मागे, रुळांच्या मधोमध, टाकीकडे जाणारा पाण्याचा पाइप आहे. माझ्या मुठी त्याच्यावर आपोआप बसल्या. बसल्या म्हणजे अगदी तयार जागेवर बसाव्यात तशा. वर खट् वाजलं तसा मी मागे वळून बघितलं. पाइपाला हिरवा ऑइल पेंट आहे, वरपासून खालपर्यंत. फक्त कंबरेच्या उंचीवर, दोन मुठींएवढ्या जागेत, तो साफ निघालेला आहे. तिथलं लोखंड देवघरातल्या पळीसारखं चकचकतंय, आणि कडेनं हिरवे पापुद्रे सुटलेत. मी माझे तळवे बघितले.

शिडी चढून गाद्या आत ओढायच्या राहिल्या होत्या. पण मी तसाच उभा होतो. वहिनी डबीची वायर गुंडाळून खिळ्याला अडकवत होत्या. मी विचारलं, “वहिनी, दिल्याला भीती वाटायची?”

“वाटायचीच,” त्या म्हणाल्या. “लिफ्ट कुणी बांधलीये, ते त्यांना माहीत होतं ना.”