चौदा जुलैचा फळा

माझं काम मोजण्याचं. वीस वर्षं मी माणसं मोजत आलो – फाटकातून आत किती गेली, बाहेर किती आली. जे मोजता येत नाही ते नसतं, असं मी माझ्या मुलांना सांगत असे. आमच्या वाईकडे घाटात चकवा लागतो म्हणतात. मी त्या वाटेने कितीदा तरी गेलो, मला फक्त ठेचा लागल्या. अंगात येणं, उतारे, करणी... या सगळ्याला माझा एकच प्रश्न – पुरावा काय? तेव्हा पुढचं वाचून हा माणूस भाबडा आहे असं कुणाला वाटलं, तर तेवढं कृपया मनातून काढावं. मी भाबडा नाही. त्याहून वाईट आहे, ते पुढे येईलच.

ठिकाण पिंपरी, मुंबई-पुणे रस्त्याजवळचा एक कारखाना. नाव देत नाही. १९५४ साली अर्धा कारखाना चालू होता आणि अर्ध्याचं बांधकाम. मी टाइमकीपर. फाटकाला लागून माझी खिडकी आणि खिडकीशेजारी भिंतीवर एक लाकडी फळा, चार फूट बाय तीन फूट. रोज सकाळी पावणेसातला मी त्यावर खडूने तारीख, वार आणि खाली एक ओळ दिनविशेष लिहायचो. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे एक जुनी डायरी होती, तिच्यात प्रत्येक तारखेखाली इतिहासातली एखादी घटना छापलेली. एव्हरेस्टवर माणूस कधी पोचला, कुठल्या देशात पहिली रेल्वे कधी धावली... लोक सायकली हातात धरून वाचायचे. त्या फळ्यामुळेच सगळे मला 'मास्तर' म्हणायला लागले.

आता १४ जुलै १९५४. बुधवार.

बांधकामावरच्या बिगाऱ्यांची नावं आमच्या हजेरीत नसायची. ती ठेकेदाराची माणसं, त्यांचा फक्त आकडा. सकाळी डोकी मोजायची, आकडा टाकायचा. संध्याकाळी बाहेर पडताना पुन्हा मोजायची. दोन्ही जुळले की मी सही करायची. नाही जुळले तर फाटक बंद, सगळं आवार हुडकायचं आणि तीन प्रतींत रिपोर्ट. नियम चांगला होता. मीच साहेबांना सुचवला होता.

त्या सकाळी सत्तावीस आत गेले. दिवसभर पाऊस कोसळत होता. संध्याकाळी सव्वीस बाहेर आले.

"एक कमी आहे," मी मुकादमाला म्हटलं.

"पळाला आसंल कुंपणावरनं. न्हाईतर सकाळी तुमचंच चुकलं आसंल, मास्तर. डोक्यावर पोती घिऊन आल्यावर मानूस काय आन् पोतं काय!"

माझं मोजणं चुकत नाही, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी सहा वाजता चिंचवडला घरी मोठ्या मुलीला बघायला मंडळी यायची होती, आणि घड्याळात साडेपाच वाजले होते. आवार हुडकण्यात तास तरी गेला असता. मी खणातलं ब्लेड काढलं, सकाळच्या आकड्यातला सात खरवडला आणि तिथे सहा केला. वरून नीट शाई फिरवली. जुळलं. सही केली.

मुलगी पसंत पडली.

तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. पायाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी पंपाने उपसलं, तेव्हा मोशीच्या धोंडिबाचा मुलगा बबन सापडला. वय बावीस. खड्डा बारा फूट खोल. एका बाजूची माती ढासळली होती. दुसऱ्या बाजूला मातीत बोटांनी उकरलेल्या खोबणी होत्या – पाय ठेवून वर चढण्यासाठी. मी मोजल्या. अकरा. अकरा खोबणी एका झटक्यात होत नाहीत. पाणी चढत होतं आणि तो उकरत होता... किती वेळ, ते सांगता येणार नाही. शेजारी काँक्रीटचं मिक्सर सुट्टीपर्यंत चालू होतं, तोवर ओरडला असेल तरी ऐकू आलं नसेल; नंतर ऐकायला तिथे कुणी नव्हतं. आणि मी घरी पाहुण्यांना 'आणखी थोडे पोहे घ्या' असा आग्रह करत होतो.

चौकशी झाली. हजेरी निघाली. सव्वीस आत, सव्वीस बाहेर. म्हणजे तो त्या दिवशी कामावर आलाच नव्हता. मग आवारात कसा? साहेबांनी ते सोडवलं – लोखंडी सळ्या चोरायला कुंपणावरून आला आणि खड्ड्यात पडला.

धोंडिबा टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "भाकरी बांधून घिऊन गेलता, साहेब. चोरीला जानारा भाकरी न्हेतो व्हय?"

"हजेरीत आकडा आहे ना समोर," साहेब म्हणाले. "आकडा खोटं बोलत नाही. काय हो टाइमकीपर?"

मी मान डोलावली.

ठेकेदाराने ती टोळी लगेच दुसऱ्या कामावर हलवली, त्यामुळे विचारायला कुणी उरलं नाही. 'माझा मुलगा कामावर नव्हता' अशा कागदावर धोंडिबाचा अंगठा घेतला आणि बदल्यात त्याला फाटकावर वॉचमनची नोकरी दिली. माझ्या खिडकीपासून सहा पावलांवर.

तेव्हापासून तो रोज सकाळी विचारायचा, "मास्तर, आज काय झालं व्हतं?" त्याला अक्षरओळख नव्हती. मी ओळ वाचून दाखवायचो. तो नेहमी पुढचा प्रश्न एकच विचारायचा – "त्यात मानसं मेली का?"

१३ जुलै १९५५ ला सकाळी तो खिडकीशी आला.

"मास्तर, उद्या माझा पोरगा बबन गेला त्याला वरीस हुतंय. फळ्यावर एक वळ लिवा की."

"धोंडिबा, तो इतिहास असतो. पुस्तकात छापलेलं असेल तेवढंच मी लिहितो. उद्या फ्रान्समध्ये लोकांनी एक तुरुंग फोडला, ते आहे."

"लई मानसं मेली व्हय त्यात?"

"शंभराच्या आसपास."

"त्यांची नावं लिवत्यात?"

"नाही."

"मग एका नावाला जागा हुईल की, मास्तर. चोर लिवलं तरी चालंल. पर नाव लिवा."

मागे शंकर फिटर सायकल घेऊन उभा होता. तो ओरडला, "मास्तर, याचं लिहिणार असाल तर माझ्या म्हशीचं पण लिहा राव! ती पण जुलैतच गेली. आणि ती चोर तरी नव्हती!"

फाटकावरची सगळी माणसं हसली. मीही हसलो. धोंडिबासुद्धा हसला – नोकरी होती. हसणं थांबल्यावर म्हणाला, "बरं... म्हशीच्या खाली लिवा."

मी लिहिलं नाही.

१४ जुलै १९५६. शनिवार. पावणेसातला मी डायरी बघून लिहिलं – '१४ जुलै १७८९. फ्रान्सच्या जनतेने बॅस्टिलचा तुरुंग फोडला.' हातात खडू असलेला मीच, डोळे माझेच. याबद्दल मला आजही शंका नाही.

सातच्या शिफ्टची माणसं यायला लागली. फाटकावर रोज घंट्या, शिव्या, चेष्टा. त्या दिवशी आवाज एकदम बंद झाला. मी खिडकीतून डोकं काढलं. एक म्हातारे टर्नर फळ्यासमोर टोपी काढून उभे होते.

"बरं केलंत, मास्तर," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, कुणी तोंडातून ब्र काढला न्हाई."

"त्यात काय काढायचंय? सगळ्या जगाला माहीत आहे," मी म्हणालो. ते माझ्याकडे बघतच राहिले.

मग शंकर फिटर आला. खाली मान. "मास्तर, म्हशीचं बोललो होतो ते... चुकलं माझं."

"शंकर, फ्रान्सचा आणि म्हशीचा काय संबंध?"

"कसलं फ्रान्स?"

"अरे, फळ्यावर काय लिहिलंय?"

त्याने बोट ठेवून वाचलं – "चौदा जुलै एकोणीसशे चोपन्न. याच आवारात, पायाच्या खड्ड्यात, धोंडिबाचा मुलगा बबन मेला. सकाळी सत्तावीस आत गेले. संध्याकाळी सव्वीस बाहेर आले."

'सत्तावीस' म्हणताना त्याचं बोट माझ्या 'तुरुंग' या शब्दाखाली होतं.

मी ओल्या फडक्याने फळा पुसला. पुन्हा बॅस्टिल लिहिलं, खडू दाबून. दुसऱ्या माणसाला वाचायला सांगितलं. त्याने तेच वाचलं – सत्तावीस, सव्वीस. पुन्हा पुसलं. या खेपेला फक्त 'आज दिनविशेष नाही' असं लिहिलं. तिसऱ्याने तेच वाचलं. एकेकाला बाजूला घेऊन नऊ जणांना वाचायला लावलं. नऊच्या नऊ जणांनी एकच मजकूर वाचला, शब्दाचाही फरक नाही.

त्या दिवशी धोंडिबाची पाळी पलीकडच्या फाटकावर होती. तेवढ्यात तो तिथून आला. कुणी त्याला सांगितलं असेल. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि फळ्याला बोट लावलं. वाचता न येणाऱ्या माणसाचं बोट ओळीवरून हळूहळू सरकलं आणि एका जागी थांबलं.

"ह्यो माझा पोरगा बबन," तो म्हणाला.

मग वळून माझ्या पाया पडला. मी मागे सरकलो. मी हे लिहिलेलं नाही, असं काही मी त्याला सांगितलं नाही.

आठ वाजता साहेबांची जीप आली. साहेबांनी फळा वाचला आणि मला बाहेर बोलावलं.

"हे काय आहे? आणि सत्तावीस हा आकडा कुठून आला?"

खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "साहेब, मी बॅस्टिलचं लिहिलं होतं. मधल्या वेळात कुणीतरी बदललंय."

"अक्षर तुमचं आहे."

"नक्कल केली असेल."

"कोणी?"

मी धोंडिबाकडे नुसतं पाहिलं. तेवढं पुरलं.

साहेब त्याच्याकडे वळले. "तू लिहिलंस?"

धोंडिबाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या समजुतीप्रमाणे मी त्याच्यासाठी नोकरी पणाला लावून ती ओळ लिहिली होती, आणि आता फेड करायची पाळी त्याची होती.

"व्हय साहेब, म्याच लिवलं. मास्तरांचा काय बी दोष न्हाई."

"अंगठा लावणारा माणूस तू. तुला कधीपासून लिहिता यायला लागलं?"

"तवा येत नव्हतं. आता आलं."

जागेवरच त्याला काढून टाकलं. त्याने काठी, शिट्टी आणि खाकी टोपी माझ्या खिडकीत ठेवली. मला त्यांची पोच लिहावी लागली – नग तीन. जाताना त्याने हळूच विचारलं, "मास्तर, सत्तावीस हुते व्हय?"

साहेब चार पावलांवर उभे होते.

"सव्वीस," मी म्हणालो.

त्याने एकदा फळ्याकडे बघितलं. "फळ्यावर सत्तावीस हाय," लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, आणि भोसरीच्या रस्त्याने मोशीकडे चालायला लागला. मागे वळला नाही. फळा त्याच दिवशी उतरवून कँटीनच्या चुलीत घातला. दिनविशेष बंद झाला.

मी तीन वर्षं हे तपासतो आहे. तो आकडा फक्त मला आणि मुकादमाला माहीत होता. मुकादमाने तो कुणापाशी बोलून दाखवला असेल – मान्य. सगळ्यांनी मिळून माझी खोड मोडली – तेही मान्य करून पाहिलं. पण मग साहेब त्या कटात कसे? पुण्याला डोळे तपासून घेतले. चाळिशीचा नंबर आहे, बाकी दोष नाही. उलगडा होत नाही. मोशी माझ्या घरापासून सायकलने तासाभरावर आहे. एकदाही गेलो नाही.

आकडा मात्र आज खरा सांगतो. सत्तावीस होते.

एवढं कबूल करतानाही मी थोडा भ्यालोच. उद्या कुणी जुने कागद काढून ताडून पाहू नये, म्हणून या मजकुरात त्या मुलाचं नाव मी मुद्दाम गाळलं आहे. धोंडिबाचंही खरं नाव वेगळं. मुलाचं नाव जिथे यायला हवं तिथे 'मुलगा', 'पोरगा' एवढंच लिहिलं आहे, आणि ते तीनदा तपासलं आहे.

काल इथपर्यंतचं बायकोला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर तिने कागद मांडीवर ठेवले.

"अहो, त्या मुलाचं नाव मला कधी सांगितलं नव्हतंत."

"सांगितलेलं नाहीच. गाळलंय."

"गाळलंय कुठे? चार ठिकाणी आहे."

तिने एकेका जागेवर बोट ठेवून दाखवलं आणि नाव उच्चारलं. बरोबर उच्चारलं. मी वाकून पाहिलं. तिच्या बोटाखाली माझा 'मुलगा' हा शब्द होता आणि त्याला लागूनच पुढचा शब्द. मग तिने विचारलं, "आपल्या मुलीला बघायला आले होते, ती तारीख कुठली हो?" उत्तराला थांबली नाही. उठून आत गेली.

मी सगळं पुन्हा मोजलं. माझ्या मोजणीत शून्य येतात. तुमच्या मोजणीत चार येत असतील, तर चारच धरा. माझी मोजणी धरू नका.