एका गाठीला एक पोर

शाळा सुटली की मागे काय काय राहतं! एका पायाची चप्पल, पाण्याची बाटली, टोपण नसलेलं पेन. न्यायला कोणी येत नाही आणि टाकवतही नाही. बडोद्यातल्या म्युनिसिपाल्टीच्या शाळेत माझा जन्म गेला, माझ्याकडे किस्सेही असेच साठलेत. आता तिथल्या मराठी वर्गाला कुलूप आहे. माझे गुडघे कुरकुरतात, मी ऐकते. अगदीच कंटाळा आला की एखादा किस्सा काढून झटकून ठेवते. तुम्ही आलाच आहात तर बसा.

मी तेडागर होते. बालवर्गाची, पहिलीची पोरं घरोघर फिरून गोळा करून आणणाऱ्या बाईला गुजरातेत तेडागर म्हणतात. तेव्हा गुजरात राज्य नवंनवं होतं. नेमणुकीच्या वेळी साहेबांनी शिक्षण विचारलं, "केटलुं भण्या छो?"

मी म्हटलं, "साहेब, पोरं आणायला ठेवताय की शिकवायला?"

साहेब हसले आणि मला नोकरी लागली! पुढं वर्गाच्या दाराशी बसून पहिलीचं पुस्तक इतक्यांदा ऐकलं, की अक्षरं आपणहून ओळखीची झाली. मग पेपर, मग कपाटातली होती नव्हती तेवढी सगळी पुस्तकं. पहिलीत माझ्याइतकी वर्षं कोणी बसलं नसेल. सर्टिफिकेट कोणी दिलं नाही. मी मागायलाही गेले नाही.

*

पोरं रस्त्यात हरवू नयेत म्हणून मी कपडे वाळत घालायच्या दोरीला गाठी मारल्या होत्या. एका गाठीला एक पोर. लहरीपुऱ्याच्या बाजारातून आमची ही वरात निघाली की टांगेवाले लगाम खेचायचे.

एकदा शाळेत पोचून बघते तर एक पोर जास्त! "तू कोणाचा रे?" पोरगं बोलेना, गाठ सोडेना. दुपारी एक कापडवाला धोतर सावरत धावत आला. "मारो दीकरो! मारो दीकरो लई गया!" दुकानाच्या पायरीवर बसलेल्या त्याच्या पोराला रिकामी गाठ दिसली होती, त्यानं धरली आणि चालायला लागला. आता बाप इकडे ओढतोय आणि पोरगं दोरीला लोंबकळून रडतंय, "मारी गांठ छे!"

शेवटी बापच दमला. पोरगं चौथीपर्यंत आमच्या मराठी वर्गात शिकलं. आज तो दुकानावर बसतो. भाव गुजरातीत सांगतो, आणि सगळे तागे उलगडायला लावून गिऱ्हाईक तसंच उठलं की शिवी मराठीत देतो!

*

शाळेत मराठी आणि गुजराती वर्गांच्या मध्ये नुसती लाकडी पडदी होती. अलीकडे आमचे जाधव गुरुजी, पलीकडे कोकिलाबेन. पाढे दोन्हीकडे एकदमच सुरू व्हायचे. आवाज कोणाचा मोठा, याची रोज लढाई.

एकदा तपासणीला साहेब आले. आमच्या एका पोराला उभं केलं. "तेराचा पाढा म्हण."

पोर गप्प. गुरुजींना घाम.

"येत नाही?"

"येतो की! थांबा जरा साहेब, पलीकडे सुरू होऊ द्या!"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत पडदीमागून कोकिलाबेनची हाक आली, "चालो छोकराओ, तेरनो घडियो!"

*

मंगल नावाची एक पोर मात्र काही केल्या गाठीला लागेना. तिची आई दारातच सांगायची, "घरी नाही हो, मामाकडे गेलीय." आज मामा, उद्या मामा! एके दिवशी मी सरळ स्वयंपाकघरात शिरले. कोपऱ्यात पत्र्याच्या दोन कोठ्या. जूनमध्ये गव्हाची कोठी गच्च भरलेली असते आणि बाजरीची रिकामी, कारण भाकरी थंडीतली. मी बघतेय तोच बाजरीची कोठी शिंकली!

मी झाकणावर टकटक केली. "मामा, भाचीला बाहेर पाठवा. शाळेतून बाई आल्यात."

आत खुदकन हसू फुटलं आणि पोर बाहेर आली. पुढं हीच मंगल माझी सून झाली. तिचं माहेरचं घर मोडलं तेव्हा भावांनी विचारलं, तुला काय हवं? ती बाजरीची कोठी घेऊन आली.

*

मग गाठी रिकाम्या राहायला लागल्या. शिलेदारांची, कारकुनांची जुनी घरं गल्ल्या सोडून गावाबाहेर समाच्या सोसायट्यांत गेली. जी उरली त्यांच्या दाराशी सकाळी इंग्रजी शाळेच्या व्हॅन उभ्या. वरून हुकूम आला, पहिलीत पुरेशी पोरं नसतील तर मराठी वर्ग बंद. जूनच्या उन्हात गुरुजी आणि मी दारं वाजवत फिरायचो.

एक आई म्हणाली, "बाई, मराठी शिकून पोरगा करील काय?"

"तुझ्या म्हातारपणी तुझ्याशी भांडेल! इंग्रजीत भांडला तर तुला कळायचंही नाही!"

ती पोट धरून हसली. हसत हसत दार लावून घेतलं.

गुरुजी तिच्याच पायरीवर बसले, मला म्हणाले, "कमळाबाई, पाणी आहे का हो?" बाटलीत होतं तेवढं दिलं. मीही बसले. कोणाला हाकलायचं तर हाकलू दे.

*

त्या वर्षी एक पोर कमी पडत होतं. एकच! सोमवारी ऑफिसचा माणूस वर्ग बघायला यायचा होता. गुरुजी जमिनीकडे बघत म्हणाले, "तुमच्या घरी एक आहे ना?"

होता. माझा नातू, बंटी. पण मुलानं त्याचं नाव इंग्रजी शाळेत घातलं होतं. बूट, टाय, सगळं आलं होतं. मुलगा माझ्यासारखाच हट्टी. आई म्हणून सांगून बघितलं होतं, भांडण झालं होतं. म्हणून सोमवारी सकाळी मी दोरी घेतली, मागच्या दारानं बाहेर पडले, गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी आले आणि कडी वाजवली.

मुलानं दार उघडलं. "आई, हे काय आता?"

"साहेब, मी आई नाही. शाळेतून आलेय. पहिलीत घालायचं पोर आहे का घरात?"

"नाटकं नकोत. त्याची व्हॅन येईल एवढ्यात."

"येऊ दे. विचारणं माझं काम आहे, विचारून जाते."

त्याला कामावर जायला उशीर होत होता. स्कूटर काढली आणि बाजव्याच्या रस्त्याला लागला.

आत मंगल पोळ्या लाटत होती. बंटी दिसेना.

"बंटी कुठाय?"

"घरी नाही," मान वर न करता ती म्हणाली. "मामाकडे गेलाय."

बाजरीच्या कोठीच्या झाकणाखालून नव्या टायचं टोक लोंबत होतं.

दुसऱ्यांच्या आयांनी हेच सांगितलं तेव्हा मी भांडले होते. इथं कोणाशी भांडू? दोरी मांडीवर घेऊन उंबऱ्यातच टेकले.

बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. थांबला, पुन्हा वाजला. मंगल उठली, पिठाच्या हातानं खिडकी उघडून ओरडली, "भाई, तमे जाओ! ए घरे नथी, मामाने त्यां गयो छे!"

व्हॅन गेली.

मंगलनं खिडकी लावली, कोठीपाशी आली आणि झाकणावर टकटक केली.

"मामा, भाच्याला बाहेर पाठवा. शाळेतून बाई आल्यात."