तरवडाला घातलेलं पाणी

फोन ऑफिसात आला. "काका गेले," नांदेडहून बाबा म्हणाले आणि लाइन कटली. रिसीव्हर हातात धरून मी उभी राहिले. मनात सर्वांत आधी जे आलं ते दुःख नव्हतं. आता सांगावं लागणार नाही, असं वाटलं मला... त्याला सहा आठवडे झाले.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. कोरडवाहू झाडाझुडपांचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते तीस वर्षं मदतनीस होते. मोजमाप काकांनी घ्यायचं, निबंध साहेबांच्या नावानं छापून यायचा. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण निवृत्तीनंतर काचीगुड्याच्या घरामागे त्यांनी स्वतःसाठी तरवडाची दोन झुडपं वाढवली. तेलुगू शेजारणी त्याला तंगेडू म्हणायच्या आणि बतकम्माच्या सणासाठी पिवळी फुलं मागून न्यायच्या. एका झुडपाला रोज पाणी, दुसऱ्याला पावसाखेरीज थेंब नाही.

तेव्हा नव्या कंपन्या येत होत्या. मुलीला कॉम्प्युटर यायला हवा म्हणून बाबांनी मला काकांकडे ठेवलं. सकाळी कोठी भागातल्या कॉम्प्युटर क्लासला निघण्याआधी आणि दुपारी परतल्यावर मी काकांसाठी घड्याळ धरायची. कोबाल्टचा कागद कोरडा असताना निळा असतो, ओल लागली की गुलाबी होतो. तो पानाच्या खाली चिमट्यानं लावायचा आणि रंग पालटायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. "घड्याळसाहेब, या!" काका हाक मारायचे. त्या कामात बोलावं लागत नसे, म्हणून मला ते आवडायचं.

कोरड्या झुडपावर सकाळी कागद पटकन गुलाबी व्हायचा. दुपारी मात्र निळा तो निळाच.

"दुकान बंद," काका म्हणायचे. "पानाला बारीक तोंडं असतात. पाणी नाही म्हटल्यावर हे सकाळी जरा उघडतं, तेवढ्यात पोटापुरतं करून घेतं आणि मिटतं. तरी भागलं नाही तर पानं गाळतं."

"आणि ते दुसरं?"

"ते काय, नवाब! दुपारपर्यंत दरबार चालू."

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. मे महिन्यात काका एका लग्नासाठी आठ दिवस लातूरला गेले. आमच्याकडे नळ दिवसाआड यायचा, आणि ताजं पाणी आलं की हंड्यातलं शिळं पाणी ओतून टाकायची घरची पद्धत. ते काम माझ्याकडे होतं. कोरड्या झुडपाखाली पानांचा सडा पडला होता. काकांनी इतकं समजावलं होतं, तरी मला वाटलं, मरतंय ते... चारही वेळा हंडा मी त्याच्या बुडाशी रिकामा केला.

काका परतले. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी कागद गुलाबी झाला. पुन्हा लावला, पुन्हा गुलाबी. काका म्हणाले, "पाऊस नाही, पाणी नाही, आणि हे उघडं! याच्या मुळाला कुठंतरी खोल ओल सापडलीय. हे कुणी पाहिलं नसेल गं." त्याच संध्याकाळी त्यांनी जुन्या साहेबांना कळवलं आणि उरलेले कागद त्यांच्यासाठी राखून ठेवले.

साहेब पंधरवड्यानं आले, सोबत दोन विद्यार्थी. एव्हाना माती पुन्हा सुकली होती. काकांनी एक कागद लावला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे निळे. विद्यार्थी आपसांत इंग्रजीत काहीतरी बोलले. साहेब हसले नाहीत. "होतं असं," ते म्हणाले. "वयानं रंग नीट कळत नाहीत."

"हौ साहेब," काका म्हणाले. "तसंच असेल."

मी घड्याळ धरून उभी होते. त्या घरात इंग्रजी शाळेत शिकलेली, पाहुण्यांशी इंग्रजीत बोलू शकणारी मी एकटीच. वाक्यं मनात जुळलीही होती. तोंड उघडलं नाही.

त्यानंतर काकांनी कधी कागद लावला नाही. केबल आली होती, टीव्हीसमोर बसून ते काकूंना विचारायचे, "ही साडी गुलाबीच आहे ना?" मी खाली बघायची. पुढे नोकरी लागली, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला राहायला गेले. दर भेटीला ठरवून जायची, आज सांगायचं. आणि चहा पिऊन परत यायची.

तेराव्यानंतर काकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"मला विचारलं होतं त्यांनी," काकू म्हणाल्या. "पाणी घातलंस का म्हणून. मी देवाची शपथ घेतली. तर म्हणाले, तू खोटं बोलायची नाहीस, माझेच डोळे गेले असतील."

"मला नाही विचारलं..."

"तुला कशाला विचारतील? घड्याळ तूच धरायचीस ना."

मी माफी मागितली. "मी कोण माफ करणार गं?" त्या म्हणाल्या. "साहेबांना लिही, यांना दिसलं ते गुलाबीच होतं म्हणून. आणि मराठीतही लिही. मला वाचता यायला हवं."

साहेबांना इंग्रजी पत्र अर्ध्या तासात लिहून झालं. हे लिहायला मात्र जोडाक्षरांशी अडखळत तीन आठवडे लागले. मागच्या दाराशी काकांची पत्र्याची खुर्ची अजून झुडपांकडे तोंड करून आहे. काकू म्हणाल्या, बस की त्यावर. मी पायरीवर बसून लिहिलं.